सैपाक तुहा, मूठ माही

डिसेंबर लागला की अशोका गार्डनमधल्या आमच्या किराणावाल्याकडे नव्या तांदळाचं पोतं उघडतं. दुकानात शिरायच्या आधीच मला ते कळतं. जुन्या तांदळाला पोत्याचा वास असतो, नव्याला शेताचा. ओलसर, किंचित दुधाळ असा तो वास हळद-मिरचीच्या पुड्यांना न जुमानता थेट रस्त्यापर्यंत येतो. दुकानदार तांदूळ तोलता तोलता दरवर्षी तेच बजावतो, "मैडम, नया चावल है. पानी ज़रा कम डालना." आणि दरवर्षी मला हसू फुटतं. परवा तर इतकी हसले, की शेजारी साबण निवडणारी बाई जरा लांब सरकून उभी राहिली.

नव्या तांदळाने आणि जास्तीच्या पाण्याने आमच्या चर्चमध्ये एका हिवाळ्यात काय गोंधळ घातला होता, ते तिला बिचारीला कुठून ठाऊक असणार? आज मी हसते. तेव्हा मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. माझ्या सासूबाई माझ्याच घरात, माझ्या डोळ्यांदेखत लहान लहान होत चालल्या होत्या आणि मला त्यावर काही उपाय सुचत नव्हता.

भोपाळचा हिवाळा तसा समजूतदार. सकाळी तलावाकडून धुकं येतं, दहाच्या सुमाराला आपण होऊन निघून जातं. हातगाड्यांवर उकडलेले शिंगाडे, ओल्या हरभऱ्याच्या जुड्या, तीळ-गुळाची गजक कुटणाऱ्याच्या दुकानातली ठोकाठोक, आणि ट्रंकेतून काढलेल्या स्वेटरांना लागलेला डांबरगोळ्यांचा वास. आमच्या समोर जोशीकाकू राहतात, नागपूरच्या. दिवाळीनंतर त्या आकाशकंदील उतरवतात, पण वायर तशीच लोंबत ठेवतात. "राहू दे, तुमच्या चांदणीला लागेल," म्हणतात. मग नाताळची चांदणी आम्ही त्याच वायरवर लावतो. आम्ही मराठी ख्रिस्ती. भोपाळमध्ये हे सांगितलं की समोरचा 'मराठी'वर मान डोलावतो आणि 'ख्रिस्ती'वर थबकतो. "अच्छा? तो फिर गणपति नहीं बिठाते?" मी म्हणते, नाही बसवत, पण जोशीकाकूंकडचे मोदक कधी चुकवत नाही.

तर आमच्या मंडळीत मूठ काढायची पद्धत आहे. मंडळी म्हणजे चर्चची सगळी माणसं, आमच्या घरांत हाच शब्द चालतो. भात लावताना, तांदूळ धुवायच्या आधी, त्यातली एक मूठ काढायची आणि वेगळ्या डब्यात टाकायची. मुद्दाम विकत आणून द्यायचं नाही, उरलंसुरलं द्यायचं नाही. आपल्याच जेवणातून, पोटात भूक असताना काढायची. महिन्याच्या पहिल्या रविवारी तो डबा चर्चमध्ये न्यायचा. उपासना संपता संपता सेक्रेटरी विल्सन साहेब पुढे उभे राहतात आणि एकेका घराला हाक मारतात. हाकेत घराचं नाव आणि ठिकाण, दोन्ही असतं. "पिपलानीवाले थॉमस!" "जहाँगीराबादवाली फूलमनी!" "अशोका गार्डनवाले गायकवाड!" ज्याला हाक आली ते घर पुढे जाऊन डबा रिकामा करतं आणि सगळे मोठ्यानं आमेन म्हणतात.

त्या तांदळाची खिचडी हिवाळाभर दर शनिवारी चर्चच्या स्वयंपाकघरात शिजायची आणि एका सरकारी दवाखान्याच्या बरामद्यात, म्हणजे व्हरांड्यात, वाढली जायची. आजाऱ्याला आत जेवण मिळतं. पण त्याच्यासोबत कुठून कुठून आलेली माणसं, कुणी विदिशेकडची, कुणी राजगढकडची, बरामद्यात चटया टाकून पडलेली असतात, त्यांचं काय? आमच्या आधीच्या बायकांना कधीतरी हा प्रश्न पडला आणि त्यांनी आपापल्या पातेल्यात हात घातला.

मुठीवरून माणूस कळतो. अन्नम्मा सिस्टर नर्स, केरळची. तिची मूठ औषधाच्या मात्रेसारखी, रोज तेवढीच. फूलमनी दीदी जशपूरकडची, तिची मूठ म्हणजे खरं तर ओंजळ. माझा नवरा अविनाश मूठ मोठी भरतो, पण निम्मे दाणे बोटांतून पुन्हा पातेल्यात पडतात आणि ते त्याला कळत नाही, असं त्याचं म्हणणं आहे. आणि माझी मूठ घाईत लहान होते, आई बघत असल्या की मोठी.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, शांताबाई गायकवाड. मूळच्या अचलपूरकडच्या. लग्न होऊन भोपाळला आल्या तेव्हा सासरे सरकारी खात्यात नकाशे काढायचे. तुलसी नगरच्या क्वार्टरमध्ये त्यांचा संसार झाला. सासरे गेल्यावरही त्या तिथल्याच दुसऱ्या क्वार्टरमध्ये राहिल्या, माझ्या धाकट्या दिरांसोबत. दिरांनी लग्न केलं नाही, त्यामुळे घर सगळं आईंच्याच हाती. इतकी वर्षं भोपाळमध्ये काढूनही त्यांची वऱ्हाडी बोली हलली नाही. मी नगरची, शाळेत भूगोल शिकवते. माझ्या मराठीला त्या "रेडिओतली" म्हणतात.

दिरांची जबलपूरला बदली झाली आणि क्वार्टर सोडावं लागलं. "जबलपूरले मी नाई येत, माही मंडळी इथं हाये," असं आईंनी सांगून टाकलं आणि त्या आमच्याकडे आल्या. सामान फारसं नव्हतं. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी पिशवीतून झाकणाला पोचे पडलेला एक डबा काढला आणि माझ्या तांदळाच्या डब्याशेजारी ठेवला. मग कमरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"हे पाह्य सुषमे. घर तुहं, सैपाक तुहा. मूठ माही."

मी म्हटलं, आई, स्वयंपाकही तुमचाच, घरही तुमचंच. त्यांनी मान हलवली, म्हणजे ऐकून घेतलं. पटलं नाही.

आणि खरंच, त्यानंतर त्या घरात पाहुण्यासारख्या राहू लागल्या. चहा हवा असला तरी मी उठेपर्यंत थांबायच्या. पलंगाच्या अगदी कडेला बसायच्या. तुलसी नगरात ज्या बाईच्या आवाजाने भाजीवाला गाडी हळू करायचा, ती बाई माझ्या घरात टीव्हीचा आवाज वाढवायलाही विचारायची. दिवसातून दोनदा मात्र त्या ताठ चालत स्वयंपाकघरात यायच्या, माझ्या हातातलं तांदळाचं पातेलं स्वतःकडे ओढायच्या आणि मूठ काढायच्या. तेवढ्यापुरता चेहरा जुना व्हायचा. मग पुन्हा पलंगाची कड.

आमच्याकडे आल्यानंतरचा पहिला रविवार मला आठवतो. विल्सन साहेबांनी हाक दिली, "अशोका गार्डनवाले गायकवाड!" मी आणि अविनाश डबा घेऊन गेलो, आमेन झालं, परत येऊन बसलो. आई मात्र आपला पोचे पडलेला डबा मांडीवर धरून थांबल्या होत्या. मंडळीत गायकवाड दोन होते ना, अशोका गार्डनवाले आणि तुलसी नगरवाले. विल्सन साहेबांनी हाका मारता मारता तुलसी नगर ओलांडलं. चूक त्यांची नव्हती, तुलसी नगरात आता गायकवाड कुणी राहत नव्हतं. पण आई जागेवरून अर्ध्या उठल्या होत्या. त्या तशाच हळूच खाली बसल्या आणि डबा माझ्या हातात दिला. "टाकून दे तुह्यातच," म्हणाल्या. मला इतकं वाईट वाटलं की मी भजनाचं पुस्तक उलटं धरून गात राहिले.

त्यानंतर आलं ते एकीवरचं प्रवचन.

आमचे पाळक नवीन होते, तरुण होते, आणि बोलत फार सुंदर. एका रविवारी त्यांनी मंडळीच्या एकीवर प्रवचन दिलं. केरळचे, छत्तीसगढचे, महाराष्ट्राचे, इथलेच, सगळे वेगवेगळे बाक धरून बसतो, वेगवेगळे डबे उघडून खातो, असं कसं चालेल? लोकांचे डोळे पाणावले. सगळ्यांत जास्त पाणावले विल्सन साहेबांचे. रेल्वेतून निवृत्त झालेला सरळ माणूस. गाडीला उशीर होईल, पण विल्सन साहेबांना नाही. आणि ऐकलं की करायचं, हा त्यांचा स्वभाव.

चर्चच्या स्वयंपाकघरात तांदळाच्या तीन कोठ्या होत्या. एकीत जुना, एकीत नवा, एकीत उकडा. जुन्या बायकांनी ते कधीतरी लावून दिलेलं आणि कुणी त्याचा विचारही करत नसे. विल्सन साहेब प्रवचन ऐकून थेट स्वयंपाकघरात गेले, त्या तीन कोठ्या पाहिल्या आणि त्यांचं मन भरून आलं. एका मंडळीचा तांदूळ तीन ठिकाणी? त्यांनी एक भलंमोठं निळं पिंप आणवलं, तिन्ही कोठ्या स्वतःच्या हाताने त्यात ओतल्या, आणि वर लाकडी दांड्याने ढवळलं. नीट एकजीव व्हावं म्हणून.

मी नंतर त्या पिंपात डोकावून पाहिलं तर माझा अख्खा भूगोलाचा धडाच आत पडला होता. केरळचा जाड, लालसर, उकडा तांदूळ. फूलमनी दीदीच्या गावाकडचा बारीक, सुवासिक. बालाघाटचा चिन्नोर, रायसेनकडचा लांबसडक बासमती, आणि माझ्या भावाने नगरहून धाडलेला नवाकोरा इंद्रायणी, जो नुसत्या वाफेनेही चिकट होतो. हे सगळे एका पातेल्यात एकाच वेळी शिजतील असं फक्त प्रवचन ऐकून आलेल्या माणसालाच वाटू शकतं.

शनिवारी सकाळी भट्टी पेटली. थोड्या वेळाने फूलमनी दीदीने डाव फिरवला आणि म्हणाली, "साहब, नीचे लेई बन गई." विल्सन साहेबांनी दाणा चेपून पाहिला, तो नेमका केरळचा निघाला. "अरे, ये तो कच्चा है! पानी डालो." पाणी घातलं. इंद्रायणी आणखी गिजला. केरळचा ढिम्म. "और पानी डालो." अन्नम्मा सिस्टर सांगत होती की साहेब, उकड्याला वेळ लागतो, बालाघाटवाली बाई सांगत होती की गॅस बंद करा, आणि आमचे पाळक दारात उभे राहून हळू आवाजात प्रार्थना करत होते. शेवटी त्या मोठ्या डेगेत जे शिजलं त्याला खिचडी म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही. वरचा थर बुंदीसारखा टणक, खालचा पोस्टर चिकटवायच्या कामाचा. आई कोपऱ्यात मिरच्यांची देठं काढत बसल्या होत्या. त्या दिवशी आम्ही दवाखान्यात ब्रेड आणि केळी वाटली. लोकांनी तीही गोड मानून खाल्ली, पण विल्सन साहेबांनी मान वर केली नाही.

माणूस अपराधी वाटलं की एकदम कडक होतो. दुसऱ्या दिवशी उपासनेनंतर विल्सन साहेबांनी कमिटीचा निर्णय सांगितला. ज़माना बदल गया है. आता शनिवारचं जेवण केटररकडून पाकिटात येईल, साफसूफ, गरमागरम. मूठ पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी शेवटची, त्या दिवशी रीतसर तसं जाहीर करू. पिंपातला तांदूळ एका ओळखीच्या पोल्ट्रीवाल्याला देऊन टाकू, निदान कोंबड्यांच्या मुखी लागेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. खोटं कशाला सांगू, मीही डोलावली. सोमवारी शाळेत सहामाहीचे पेपर माझी वाट बघत होते.

घरी येऊन मी भात लावायला घेतला. आई नेहमीसारख्या आल्या, पातेलं ओढलं, मूठ भरली. आणि डब्यावर हात तसाच धरून उभ्या राहिल्या. मूठ उघडेना. मी वाट पाहिली. कुकरची शिटी शेजारच्या घरात झाली, तरी त्या तशाच.

"कोंबड्याईले घालाले काढली का व म्या मूठ?" त्या म्हणाल्या.

त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिथं भीती होती, आणि ती मी त्यांच्या डोळ्यांत आधी कधी पाहिली नव्हती. घर गेलं, हाक गेली, आता मूठही गेली तर या बाईजवळ स्वतःचं म्हणून द्यायला काय राहणार? आमच्या घरात त्या जेवतील, झोपतील, औषधं घेतील. सगळं घेतीलच. माणूस नुसतं घेऊन जगत नाही हे मला त्या क्षणी कळलं, पण करायचं काय ते कळलं नाही.

ते त्यांना कळलं. किंवा कळलं असंही नाही, हट्टच तो. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर आई स्वेटर घालून, पायांत मोजे चढवून दारात तयार. "चाल," म्हणाल्या. आमच्याकडे आल्यापासून त्यांनी मला दिलेला हा पहिला हुकूम. मी चपलाही न काढता मागे फिरले.

चर्चमध्ये विल्सन साहेब पिंपाशेजारीच भेटले. आईंची हिंदी म्हणजे वऱ्हाडीचीच धाकटी बहीण. "साहेब, कोंबड्यों को देने के पहले हमारा हिस्सा हमको देव."

"माताजी," साहेब अजिजीने म्हणाले, "अब आपके दाने अलग कैसे निकालूँ? सब मिल गया है."

"अलग किसने मांगा? कोई के भी देव. मूठ मिली तो मिली."

साहेबांनी पोतं भरून दिलं. मला वाटतं, आईंसमोरून सुटका व्हावी म्हणूनच जास्त भरलं. आम्ही ते ई-रिक्शात घालून घरी आणलं आणि मी विचारलं, आई, याचं करणार काय? "दळू," त्या म्हणाल्या. "दळल्यावर कोण जुना अन् कोण नवा?"

पुढचे दिवस गच्चीवर गेले. तांदूळ धुवून आम्ही जुन्या चादरींवर पसरला. डिसेंबरचं ऊन मऊ असतं, पाठीला लागतं पण बोचत नाही. लाल, पांढरे, दुधाळ, पिवळसर दाणे एकत्र वाळत पडलेले, आणि त्यांच्या मधोमध आई हातात काठी घेऊन कबुतरांवर नजर ठेवून बसलेल्या. जोशीकाकू चहा घेऊन वर आल्या आणि जाताना म्हणाल्या, "शांताबाई, तुमचा आवाज खाली माझ्या घरापर्यंत येतोय हो." मला ते ऐकून किती बरं वाटलं! कबुतरांना शिव्या देताना का होईना, आईंचा आवाज पुन्हा गल्लीत ऐकू येत होता. अजूनही डिसेंबरात मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले की क्षणभर तो रंगीत तांदूळ दिसतो. आता आईंना जिने चढवत नाहीत. खालून ओरडून विचारतात, "कबुतरं आली का व?"

चक्कीवाल्याने दाणे हातात घेऊन पाहिले. "माताजी, ये कौन सा चावल है?" आई म्हणाल्या, "सबका हाय." तो हसला आणि त्याने दळून दिलं. पांढरंशुभ्र नव्हे, किंचित गुलाबी पीठ. उकड्या तांदळाचा रंग उतरला होता. गरम पिठाचा तो वास पिशवीतून वर येत होता आणि आई ती मांडीवर घेऊन रिक्शात बसल्या होत्या.

शनिवारी पहाटेच्या अंधारात त्या माझ्या स्वयंपाकघरात शिरल्या ते मला न विचारता. पिठात ताक, थोडं बेसन, जिरं, ठेचलेली मिरची, मूठभर कोथिंबीर. तव्यावर धिरडं पडलं आणि असा चर्रर्र आवाज झाला की अविनाश झोपेतून उठून थेट ओट्याशी आला. पहिलं त्याने खाल्लं. दुसरंही त्यानेच. "आई, तुलसी नगरची सकाळ झाली बघ," म्हणाला. आईंनी उलथनं त्याच्या मनगटावर हलकेच मारलं आणि त्याला डबे भरायला लावलं.

दवाखान्याच्या बरामद्यात त्या दिवशी आम्ही तिघंच होतो. केटररची पाकिटं अजून सुरू व्हायची होती. धिरडी लवकर संपली, लोक मात्र आणखी येत होते. आई परत येताना वाटभर तेच बोलत होत्या. पुढच्या वेळी पीठ किती भिजवायचं, तवे किती लागतील, ताक आदल्या संध्याकाळी लावलं तर काय होईल. मी हूं हूं करत होते आणि मनातल्या मनात टाळ्या वाजवत होते.

बातमी फुटायला वेळ लागत नाही. पुढच्या शनिवारी फूलमनी दीदी आपला तवा बगलेत मारून हजर. "हमारे यहाँ इसको चीला बोलते हैं," तिने आल्या आल्या सांगितलं. अन्नम्मा सिस्टरने ड्यूटी बदलून घेतली होती. तिने पीठ चाखलं, नाक मुरडलं, "थोड़ा नारियल डालो, तो आदमी के खाने लायक होगा." आई म्हणाल्या, नारळ घालून बिघडवू नको. सिस्टर म्हणाली, माताजी, बिघडलेलं तर आधीच आहे. मग तीन तव्यांवर तीन प्रकार निघाले, आणि बरामद्यातल्या माणसांनी तिन्ही प्रकार खाऊन आपापसात पैजा लावल्या. मी चटणीची बादली घेऊन फिरत होते आणि इतकं हसत होते की एका म्हाताऱ्याने विचारलं, "बिटिया, घर में शादी है का?"

या सगळ्यात मूठ बंद व्हायचा रविवार जवळ येत होता. पिंपातला तांदूळ दळून वापरता येतोय हे सगळ्यांना दिसत होतं, पण कमिटीचा निर्णय झाला होता आणि विल्सन साहेब शनिवारी आमच्या बाजूला फिरकत नव्हते. आई रोज मूठ काढत होत्या. रविवारनंतर ती कुठे टाकायची, हे त्यांनी मला विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

आणि मग आदल्या दिवशीची ती बाई. बरामद्याच्या टोकाला खांबाशी तिचं बिऱ्हाड होतं. नातू आत, पाय मोडलेला, आता बरा होऊन घरी जायच्या बेतात. ती दोन शनिवार आमच्याकडे जेवली होती, कधी जास्त बोलली नव्हती. त्या दिवशी तिने धिरडं खाल्लं, हात धुतले, आपल्या गाठोड्याकडे गेली, आत हात घातला आणि मूठ बंद करून माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"जे हमाई तरफ से धर लो, बाई. कल कोऊ और आहै, ऊके लाने."

मुठीत तांदूळ होता, उद्या येणाऱ्या कुणासाठी तरी. गावाहून शिजवून खायला आणलेला, त्यातला उरलेला. मी अगदी चांगुलपणाने म्हटलं, "नहीं नहीं अम्मा, रहने दो. इसकी ज़रूरत नहीं है."

तिचा हात खाली आला. चेहरा उतरला. आणि तो उतरलेला चेहरा माझ्या ओळखीचा होता. डबा मांडीवर घेऊन अर्धी उठलेली, मग हळूच खाली बसलेली बाई.

तव्यामागून आई आल्या. त्यांनी मला कोपराने बाजूला केलं. "सुषमे, तिले नाई म्हणू नको," त्या म्हणाल्या. "तिच्यापाशी दुसरं काय हाय द्याले? अन् तू कोण तिले थांबवणारी?" मग त्यांनी पिठाने भरलेला हात लुगड्याला पुसला, पदर पसरला आणि त्या बाईसमोर धरला. बाईने मूठ उघडली. दाणे पडले तसा तिचा चेहराही उघडला. आईंनी पदराला गाठ मारली आणि विचारलं, "नाम क्या हाय बाई तुम्हारा?"

"रामकली."

दुसऱ्या दिवशी पहिला रविवार. चर्च भरलं होतं, निळं पिंप स्वयंपाकघरातून पुढे आणून ठेवलं होतं. हाका सुरू झाल्या आणि प्रत्येक आमेन जरा जड येत होता, शेवटचा म्हणून. "अशोका गार्डनवाले गायकवाड!" आम्ही तिघं गेलो, आईंनी पोचे पडलेला डबा रिकामा केला, आमेन झालं, परत येऊन बसलो. विल्सन साहेबांनी उरलेल्या हाका संपवल्या, चष्मा पुसला आणि घसा खाकरला. तेवढ्यात आई उठल्या. या वेळी पुऱ्या उठल्या. धुतल्या लुगड्याच्या पदरात सकाळी पुन्हा बांधून घेतलेली ती गाठ सोडत पिंपाकडे चालू लागल्या.

साहेब गोंधळले. "माताजी, आपका तो हो गया."

"मेरा नहीं हाय. रामकली का हाय."

"कौन रामकली?" साहेबांना मंडळीतलं घरन् घर पाठ. "कहाँवाली रामकली?"

"दवाखाने के बरामदेवाली," आई म्हणाल्या. "हाक मारो."

विल्सन साहेब आईंच्या पदरातल्या त्या जाड्याभरड्या दाण्यांकडे पाहत राहिले. मग ते ताठ झाले, आणि गाडी सुटताना द्यावी तशी खणखणीत हाक त्यांनी दिली, "बरामदेवाली रामकली!"

आईंनी पदर पिंपावर उपडा केला. फूलमनी दीदीचं आमेन सगळ्यांत आधी आलं, मग बाकीच्यांचं, आणि ते इतकं मोठं होतं की बाहेर चपला सांभाळत बसलेला चौकीदार आत डोकावला. मी रडत होते आणि हसत होते. अविनाश खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं बघत होता.

आता साहेब जाहीर करणार होते. सगळे थांबलो. त्यांनी पिंपाच्या कडेवर हात ठेवला आणि म्हणाले, "एक सूचना है. शनिवार को तवे कम पड़ रहे हैं, ऐसा सुना है. जिसके घर में बड़ा तवा हो, हाथ उठाए."

आमच्या घरात मोठा तवा नाही. तरी सगळ्या मंडळीत पहिला हात वर गेला, तो आईंचा.